अल्टोचे ब्रेक पाईप आणि अंगणातले तीन आठवडे

२०२५ च्या मेच्या पहिल्या आठवड्यात चढावर गाडीचा लाल ब्रेकचा दिवा क्षणभर लागून विझायला लागला. हँडब्रेक पूर्ण खाली होता, म्हणून दोन दिवस मी हँडब्रेकच्या बटणालाच दोष देत होते. पण हाच दिवा ब्रेक ऑइल कमी झालं तरी लागतो. चढावर बॉनेटखालच्या डब्यातलं (रिझर्व्हायरमधलं) ऑइल एका बाजूला कलतं, म्हणून तिथे तो आधी दिसतो. बॉनेट उघडलं तर पातळी खालच्या रेषेच्याही खाली गेलेली. पॅड झिजले की पातळी थोडी उतरते, पण ती महिनोन्‌महिने हळूहळू उतरते. ही दहा-बारा दिवसांत उतरली होती.

गाडी अल्टो, जुलै २०१० ची. घर गुहागरला, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. रत्नागिरीला जायचं तर तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरायचं, म्हणजे धक्क्याच्या उतारावरचं खारं पाणी चाकांनी उडवत जायचं. पंधरा वर्षं हेच चाललंय. शिवाय २० जुलैला गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षं संपत होती. नूतनीकरणासाठी आरटीओत गाडी दाखवायची होती. हे सगळं लिहून ठेवतेय, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत असं काही सलग सापडलं नाही.

११ मे, रविवार. मागचं डावं चाक काढून खाली वाकले. ब्रेकच्या ड्रमच्या आतल्या बाजूला, जिथे ब्रेक ऑइल नेणारा पाईप क्लिपमध्ये बसतो, तिथे चिखल साचून घट्ट झाला होता. स्क्रूड्रायव्हरने तो खरवडला तर त्याबरोबर गंजाचा पोपडाही निघाला आणि खालचा पाईप ओला लागला. बोट फिरवलं, थोडं चोळलं. पाण्यासारखं नाही, बुळबुळीत. तिथून मागे-पुढे वीतभर पाईप फुगलेला, पापुद्रे सुटलेला. उजव्या बाजूला गळती नव्हती, पण गंज तसाच होता. त्या दिवसापासून गाडी बंद. रिझर्व्हायरमध्ये ऑइल ओतून चार दिवस चालवण्याचा मोह कुणालाही होतो. करू नका. असा पाईप फुटतो तो नेमका जोरात ब्रेक दाबल्यावर, म्हणजे सगळ्यात गरज असते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी जवळच्या मेस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, "बाई, गंजलेला तुकडा कापतो नि मध्ये जोड टाकतो. तासाभराचं काम, सातशे रुपये द्या." माणूस प्रामाणिक आहे, आणि जोड नीट घातला तर तो गळतोच असंही नाही. पण उरलेला पाईप त्याच वयाचा आणि त्याच पाण्यात भिजलेला. चिपळूणच्या एका वर्कशॉपला फोन केला. त्यांनी साडेसहा हजारांचा अंदाज दिला आणि दहा दिवसांनंतरची तारीख. गाडी तिथवर न्यायची कशी, हा प्रश्न होताच. मला मेची सुट्टी होती आणि बाबांची हत्यारांची पेटी घरात होती. बागेतल्या पंपाची दुरुस्ती करताना त्यांना पेटीतले पाने काढून देत मी वाढले. क्लच वायर, प्लग, लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) हे पूर्वी केलेलं होतं. तरीही ब्रेकचं काम हातात घ्यायचं ठरवताना एक रात्र झोप लागली नाही. मेस्त्रींना मी एवढंच विचारलं, की काम झाल्यावर तपासायला याल का. ते हो म्हणाले, म्हणून पुढे सरकले.

१४ मेला एसटीने चिपळूण. दोन्ही मागचे लांब पाईप, मागच्या दोन रबरी नळ्या आणि दोन निपल (चाकाजवळचे, हवा काढायचे छोटे पोकळ स्क्रू) अशी यादी नेली होती. रबराला बारीक चिरा होत्या, आणि पाईप सोडवायचे तर नळ्या सुटणारच होत्या. डावा पाईप कंपनीचा, आकार दिलेला, तयार मिळाला, ४६० रुपयांना. उजवा मागवायला लागणार, चार आठवडे. दुकानदार म्हणाला, "तांब्याचा वाकवून देतो, गंजायचा प्रश्नच नाही." ऐकायला बरं वाटतं. पण साधं तांबं मऊ असतं, सततच्या हादऱ्यांनी कडक होऊन चिरतं. ब्रेकला चालतो तो तांबं-निकेलचा मिश्रधातू, आणि तो त्याच्याकडे नव्हता. मी स्टीलचाच पाईप करून मागितला आणि मापाला जुन्या पाईपचा फोटो, टेपने घेतलेली लांबी आणि नटाचा नमुना दिला.

इथे माझे सहा दिवस गेले. १७ तारखेला परत गेले तेव्हा पाईप तयार होता. पण त्याचं तोंड मी कंपनीच्या पाईपशेजारी धरलं आणि फरक दिसला. कंपनीच्या पाईपचं तोंड बाहेर फाकवून पुन्हा आत दुमडलेलं, म्हणजे कडेला दुहेरी पत्रा, गुळगुळीत. केलेल्या पाईपचं नुसतं एकदा फाकवलेलं, कड पातळ, आणि एका जागी केसाएवढी चीर. असं तोंड पाण्याच्या किंवा हवेच्या नळीला चालतं, ब्रेकच्या दाबाला नाही. दुकानदार आधी नाखूश झाला. मी चीर नखाने दाखवली तेव्हा त्याने दुसऱ्या कारागिराकडून दुहेरी तोंडाचा करून द्यायचं कबूल केलं. २० तारखेला तो मिळाला, ४१० रुपयांत. तुम्ही कुठेही पाईप करून घ्या, दोन्ही तोंडं उन्हात धरून बघा आणि नट पाईपवर आधीच ओवलेत ना तेही बघा. तोंड केल्यावर नट चढत नाही. अडीच मीटरचा वळणावळणाचा पाईप घेऊन एसटीत बसणं हेही एक काम होतं. कंडक्टरने तो सीटखालून आडवा सरकवून दिला आणि मार्गताम्हाण्यापर्यंत दर थांब्याला चढणाऱ्यांना "पाय वर, पाईप आहे" असं सांगत राहिला.

बाकी खरेदी अशी झाली. दोन रबरी नळ्या ५६०, ब्रेक ऑइलच्या अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या ५७०, निपल ९०, गंज सोडवायचा स्प्रे २२०, १० नंबरचा फ्लेअर पाना ३४०, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) १४५०, पारदर्शक नळी २०. पाईप धरून एकूण ४१२० रुपये. एसटीच्या तीन फेऱ्या वेगळ्या. म्हणजे पैसे वाचवायला म्हणून हे काम करत असाल तर हिशेब आधीच करून बघा.

फ्लेअर पान्यावर मात्र कंजुषी नको. साधा दुतोंडी पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, आणि गंजलेल्या नटाचे कोपरे त्याने गोल होतात. फ्लेअर पाना रिंग पान्यासारखा, फक्त पाईप आत जाईल एवढीच खाच असलेला. आणि घोड्यांबद्दल सांगते, ते वाचून सोडू नका. आपल्याकडे प्रत्येक अंगणात जांभ्याचे चिरे पडलेले असतात. चाक घरंगळू नये म्हणून उटी लावायला ते उत्तम. पण गाडीचं वजन चिऱ्यावर कधीही देऊ नका. जांभा काही न सांगता फुटतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखालीही जाऊ नका.

२१ आणि २२ मे, सकाळ-संध्याकाळ फक्त स्प्रे. सगळ्या नटांवर, निपलवर, क्लिपांच्या स्क्रूंवर. तारेच्या ब्रशने आधी गंज घासून घेतला. २३ला सकाळी नट सोडवले. चारपैकी तीन सुटले. चौथा, डाव्या व्हील सिलिंडरचा (ड्रममधला, ऑइलच्या दाबाने लायनर ढकलणारा भाग), नटाबरोबर पाईपही पिळवटायला लागला. पाईप तर जाणारच होता, म्हणून तो कापून टाकला आणि नटावर सॉकेट बसवून काढला. सुटलेल्या तोंडांवर रबरी टोप्या लावल्या. गळणारं ऑइल खाली ट्रेमध्ये. हे ऑइल रंग खातं, त्यामुळे बंपरवर उडालेले थेंब लगेच भरपूर पाण्याने धुतले.

२४ला दोन्ही नवे पाईप जागेवर गेले. नट आधी बोटांनी, तीन-चार आटे सहज फिरेपर्यंत. पाना त्यानंतरच. आटा वाकडा गेला तर व्हील सिलिंडर बदलावा लागतो, म्हणून हे बोटांचं काम मी उशीखाली हात घालून किल्ली शोधावी तसं डोळे मिटून, हळूहळू केलं. जुन्या क्लिपा पुन्हा लावताना पाईप कुठेही पत्र्याला घासत नाही ना ते पाहिलं. घासला तर वर्षा-दोन वर्षांत तिथेच भोक पडतं.

हवा काढायचं काम रविवारी करायचं ठरलं होतं. पण २५ मेला मान्सून आला. त्या वर्षी तो इतका लवकर येईल हे कुणाच्या मनात नव्हतं. देवगडपर्यंत पोचल्याची बातमी दुपारी आली, आमच्याकडे शनिवार रात्रीपासूनच वारा-पाऊस आणि वीज गुल. ताडपत्री एका बाजूने फाटली. पाच दिवस गाडी घोड्यांवर तशीच उभी होती, चाकांविना. या काळात माझ्याकडून एक गोष्ट सुटली. पुढच्या एका जोडाचा नट मी हाताने बसवून पान्याने आवळायचा ठेवला होता. तिथून थेंब थेंब करत रिझर्व्हायर पूर्ण रिकामा झाला. ३०ला झाकण काढलं तर तळ कोरडा. रिझर्व्हायर रिकामा झाला की मास्टर सिलिंडरमध्येच (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा मुख्य पंप) हवा शिरते, आणि दोन तासांचं काम दोन दिवसांचं होतं. तुम्हाला मध्येच काम थांबवावं लागलं तर सगळे नट आवळून, डबा भरून, झाकण लावूनच उठा.

३१ मे, शनिवार. पाऊस थांबला होता. ज्याला गॅरेजवाले एअर काढणं म्हणतात ते असं असतं. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पाईपमध्ये हवेचा बुडबुडा असेल तर पायाचा जोर चाकापर्यंत न पोचता बुडबुडा दाबण्यातच जातो आणि पेडल स्पंजासारखं लागतं. म्हणून एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचं निपल सोडायचं, ऑइलबरोबर हवा बाहेर, निपल बंद, मग पेडल सोडायचं. निपल उघडं असताना पेडल वर आलं तर बाहेरची हवा उलट आत ओढली जाते. सगळं या एका क्रमावर आहे.

पेडलवर आई बसली. वय ६८, गाडी कधी चालवलेली नाही. तिला मी पहिल्यांदा नीट समजावलं नाही आणि त्याची किंमत मोजली. निपलवर पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. बुडबुडे सुटले की माझ्या तोंडून "गेली गेली" निघायचं, आणि आईला वाटायचं झालं, ती पाय उचलायची. अर्धा तास आम्ही जेवढी हवा काढली तेवढीच परत घेतली. शेवटी मी चटईवरून उठले, तिच्याशेजारी बसले आणि दोघींनी मिळून ठरवलं. शब्द तीनच. मी "दाब" म्हणणार. ती तीनदा सावकाश दाबून चौथ्यांदा दाबून ठेवणार आणि "धरलंय" असं मोठ्याने सांगणार. मग मी निपल अर्धा फेरा सोडणार. निपल बंद केल्यावर मी "सोड" म्हणणार. तोवर काहीही ऐकू आलं तरी पाय तिथेच. आणि पेडल खाली जाताना तिने घाबरायचं नाही, ते जाणारच.

मेस्त्री त्याच वेळी डोकावले आणि पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायला सांगून गेले. हे मला माहीत नव्हतं. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जिथवर जातो त्याच्या पुढच्या भागात गंज किंवा मळ असतो. पेडल तळापर्यंत गेलं की रबरी सील त्यावरून घासून फाटतं, आणि पाईप बदलायच्या कामात मास्टर सिलिंडरही जातो. दोन इंचांचा ठोकळा घातला आणि पुढचं सगळं काम त्यावरच केलं.

क्रमाबद्दल. "सगळ्यात लांबचं चाक आधी" हे सगळे सांगतात. पण अशा पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या छोट्या गाड्यांत ब्रेकच्या दोन लाईनी बहुधा तिरक्या असतात, मागचं डावं आणि पुढचं उजवं एका लाईनीवर, मागचं उजवं आणि पुढचं डावं दुसरीवर. एक फुटली तरी दुसरीवर गाडी थांबावी म्हणून. त्यामुळे मी मागचं डावं, मग त्याच लाईनीवरचं पुढचं उजवं, नंतर मागचं उजवं आणि शेवटी पुढचं डावं असं केलं. तुमच्या गाडीचा क्रम तिच्या पुस्तिकेत बघून घ्या.

त्या संध्याकाळी मागच्या डाव्या निपलमधून ऑइल येईचना. आई "धरलंय" म्हणतेय, नळी कोरडी. घाईत मी तेच जुनं निपल ठेवलं होतं, नवं खिशातच होतं. ते काढलं तर आतलं बारीक भोक गंजाने बुजलेलं. नवं बसवलं. पेडल न दाबता निपल नुसतं सोडून ठेवलं आणि रिझर्व्हायर भरलेला राहील एवढंच पाहिलं. ऑइल आपल्या वजनाने उतरतं. आधी काहीच नाही, मग नळीत फेस, मग काळपट ऑइल, शेवटी मधासारखं फिकं. पाऊण तास लागला. आई तोवर मोगऱ्याची फुलं काढून आली.

१ जूनला सकाळी पुन्हा चारही चाकं. दर पाच-सहा वेळा दाबल्यानंतर रिझर्व्हायर बघायचा, हा नियम मी आता पाळत होते. सुरुवातीचे बुडबुडे शेंगदाण्याएवढे, मग मोहरीएवढे. या मोहरीच्या टप्प्यावर थांबावंसं वाटतं, कारण पेडल बरं लागायला लागतं. थांबू नका. नळीत सलग दहा वेळा एकही ठिपका दिसला नाही तेव्हा मी पुढच्या चाकाकडे गेले. शेवटी पेडल घट्ट झालं, पण थोडं खोल जायचं. दोनदा दाबलं की वर यायचं. मला वाटलं अजून हवा आहे. मेस्त्रींनी पाय ठेवून सांगितलं की खालचा भाग कडक आहे, म्हणजे हवा नाही. मागच्या ड्रममधल्या लायनरची फट वाढली आहे. लायनर जवळ घेतल्यावर पेडल जागेवर आलं. दीड लिटरपैकी सव्वा लिटर ऑइल लागलं. उघडलेल्या बाटलीतलं उरलेलं ठेवू नका. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्याकडे हवेत ओलाव्याशिवाय काय असतं? सीलबंद डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) चा उत्कलनबिंदू २०५ अंशांच्या वर असतो, ओलावा शिरलेल्याचा १४० पर्यंत उतरू शकतो. घाटात ब्रेक तापले की हा फरक कळतो. काढलेलं ऑइल पुन्हा वापरायचं नाही आणि परसात ओतायचंही नाही, पलीकडे विहीर असते. मी ते गॅरेजच्या जळक्या ऑइलच्या पिंपात दिलं.

तपासणी अशी केली. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबलं, मग दाबून धरून इंजिन सुरू केलं. पेडल किंचित खाली गेलं, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा बूस्टर काम करतोय. मग एक मिनिट पूर्ण जोराने दाबून धरलं, आणखी खाली सरकलं नाही. प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसून त्याभोवती वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळली आणि रात्रभर ठेवली. ऑइलचा एक थेंबही कागदावर डाग पाडतो. सकाळी सगळे कागद कोरडे. मग अंगणात चालण्याच्या वेगाने, हात हँडब्रेकवर. मग सपाट रस्त्यावर वीस, चाळीस. पहिल्यांदा ब्रेक लागून गाडी सरळ रेषेत थांबली तेव्हा माझे पाय थरथरत होते, आणि ते मी आईला सांगितलंही.

आता आरटीओ. नोंदणी संपण्याआधी ६० दिवसांत नमुना २५ चा अर्ज करता येतो. ४ जूनला परिवहनच्या संकेतस्थळावर तो भरला. तेव्हा, २०२५ च्या जूनमध्ये, पंधरा वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाचं शुल्क ५००० रुपये होतं, पर्यावरण कर वेगळा. विमा आणि पीयूसी चालू लागतात. नवी सुरक्षा नंबरप्लेट मी एप्रिलमध्येच ७४५ रुपये अधिक जीएसटी भरून बसवून घेतली होती, ती नसती तर आणखी एक खेटा पडला असता. चॅसी नंबरची पेन्सिलने छाप घ्यावी लागते, ती घरीच चांगल्या उजेडात दोन प्रती घ्या. गंजलेला नंबर ब्रशने आधी साफ करा.

१२ जूनला फेरी चालू असल्याचं फोनवर विचारून निघालो. जयगडच्या धक्क्यावर गाडी उतरताना उतारावर शेवाळ होतं. पायाखालचं पेडल वर, कडक. रत्नागिरीत दोन तास रांग. निरीक्षकांनी नंबर ताडला, दिवे, हॉर्न, वायपर पाहिले, गाडी चालवून ब्रेक मारून बघितला. खाली वाकून विचारलं, "पाईप नवे दिसतायत, कुठे केले?" मी घरी केल्याचं सांगून बिलं पुढे केली. त्यांनी बिलं चाळली, मागच्या नळ्यांना हात लावून पाहिला आणि सही केली. नवं कार्ड ८ जुलैला स्पीड पोस्टाने आलं, वैधता २० जुलै २०३० पर्यंत.

घरी आल्यावर चाकांच्या आतली बाजू गोड्या पाण्याने धुतली. फेरीने गेले की त्याच दिवशी हे करते. तीनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा खाली शिरून नट पाहिले, पट्ट्या नव्याने गुंडाळल्या. दुसऱ्या दिवशी उजव्या मागच्या जोडाचा कागद दमट होता. नाकाशी धरला, जिभेला लावायचा नसतो. ऑइल नव्हतं, पावसाचं पाणी होतं. तरीही नट पुसून पट्टी परत गुंडाळली आणि आणखी एक रात्र वाट पाहिली.